जिन्याखालचा अंधार

जिन्याखालची जागा म्हणजे अडगळीचं हक्काचं माहेर. काडी मोडलेली छत्री, एकटीच उरलेली चप्पल आणि लपाछपीत तिथेच लपून हमखास सापडणारं एखादं पोर. हल्ली तिथे काचेआड, पिवळ्या उजेडात वाइनच्या बाटल्या पहुडलेल्या दिसतात.

गंमत म्हणजे, अडगळ होती तेव्हाच ती जागा वाइनला जास्त मानवली असती. वाइनला हवा अंधार, 12 ते 14 अंश सेल्सिअसचा गारवा, 60-70 टक्के दमटपणा आणि शांतता. सजावट सुरू झाली की पहिला बळी अंधाराचा. बिनरंगी काचेच्या बाटलीत निळा नि अतिनील उजेड शिरला, की वाइनमधलं रायबोफ्लेविन (म्हणजे बी-2 जीवनसत्त्व) चाळवतं, गंधकाची संयुगं तयार होतात आणि ग्लासातून चक्क शिजलेल्या कोबीचा वास येतो. हिरवी काच थोडाफार उजेड अडवते, तपकिरी त्याहून जास्त. म्हणून एलईडीची पट्टी मंद हवी, पाहुणे गेले की बंद. आणि तिला वीज पुरवणारा, तापणारा डबा (ड्रायव्हर) कपाटाबाहेर.

सुतार एक बाटली मोजतो आणि सगळे कप्पे त्याच मापाचे करून मोकळा होतो. सरळ खांद्याची नेहमीची बोर्दो बाटली साधारण साडेसात सेंटीमीटर जाड, तीस लांब. शॅम्पेनची जवळजवळ नऊ. आठचा कप्पा केला की शॅम्पेन बाहेरच. दहाचा करावा. भरलेली बाटली साधारण सव्वा किलोची, म्हणजे साठ बाटल्यांचे पाऊणशे किलो. रॅक भिंतीत नीट ठोकून घ्यावा, पायऱ्यांच्या पोटाला टांगू नये. वर कुणी धावत चढलं की जुन्या रेड वाइनचा तळाचा गाळ उठतो. बुचाची बाटली आडवीच. फार दिवस उभी राहिली तर बुच सुकून आकसू शकतं आणि हवा आत जाते. फिरकीच्या झाकणाला ही भीती नाही.

थंड करणारं यंत्र बसवलं, की खरी करामत सुरू होते. त्याची गरम हवा जिन्याखालीच सोडली, तर ते दिवसभर स्वतःचीच ऊब उपसत बसतं. ती दुसऱ्या मोकळ्या जागेत काढावी लागते. दमट दिवसांत एकेरी काच बाहेरून घामेजते, खाली लाकूड फुगतं. म्हणून काच दुहेरी. भिंतीत बाष्परोधक पडदा, म्हणजे हवेतली वाफ अडवणारा थर, उष्ण म्हणजे बाहेरच्या बाजूला हवा. उलट लावला, तर इन्सुलेशन आतल्या आत भिजतं, आणि बुरशीचा वास आला की मगच कळतं.

महिन्या-दोन महिन्यांत संपणाऱ्या बाटल्यांसाठी यातलं निम्मंही लागत नाही. त्या खुशाल मिरवाव्यात. रिकाम्याही चालतील, लेबलं तीच दिसतात! जपायच्या बाटल्या उतरत्या टोकाच्या बुटक्या खणात, दार लावून. तिथे वाकल्याशिवाय हात पोचत नाही, उजेड तर नाहीच.

छत्री आता कुठे ठेवायची, तेवढं मात्र कुणी सांगत नाही.