गुरुजींची सही

लग्न मे महिन्यात झालं आणि नोंदणीची आठवण ऑगस्टमध्ये आली, तीही पासपोर्टचा विषय निघाला म्हणून. महाराष्ट्रात 1998च्या कायद्यानुसार नोंदणी 90 दिवसांत करायची असते. आमच्या हातात नऊ दिवस उरले होते.

नोंदणीचा अर्ज, म्हणजे नमुना 'ड', भरला. तीन साक्षीदार हवे होते, ते घरातच मिळाले: मामा, आत्या आणि शेजारचे काका. लग्नपत्रिका, फोटो, आधार सगळं फाईलमध्ये लावून महापालिकेच्या झोन ऑफिसला गेलो. खिडकीवरच्या बाईंनी पानं उलटली, "पुरोहितांची सही?" म्हणाल्या आणि फाईल परत सरकवली. गुरुजी श्रावणातल्या पूजांमध्ये. शेवटी नागपूरच्या महाल भागात एका सत्यनारायणाला गाठलं. त्यांनी प्रसादाचा हात धोतराला पुसून सही केली. त्या कागदावर अजून तुपाचा डाग आहे.

आता नाव. नाव बदलायलाच हवं असं कायदा म्हणत नाही, हे आईला पटवायला वेळ लागला. "काऊन नाही बदलणार?" एवढंच विचारत राहिली. आपल्याकडे नुसतं आडनाव कुठे बदलतं, मधलं बाबांचं नावही जातं. मला तेच जड गेलं.

आधारवर नाव दोनदाच बदलता येतं. आधार बदललं की मागोमाग पॅन, मग बँक. एकात जुनं, दुसऱ्यात नवं राहिलं की अडकलंच. मी सध्या काहीच बदललेलं नाही. सासूबाईंनी मात्र दारावरची पाटी बनवून आणली, त्यात आडनावं दोन्ही.