हरवलेल्या भागांचा आवाज

बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा-मालिकेची मी चाहती आहे, आणि या मालिकेत एवढे काय आहे असे कुणी विचारले, की मी आधी तिच्या आज पाहायला न मिळणाऱ्या भागांविषयी बोलू लागते. पहिल्या सहा वर्षांत प्रसारित झालेल्या २५३ भागांपैकी नव्वदहून अधिक भागांची चित्रे नाहीशी झाली आहेत. आवाज मात्र त्यांतल्या प्रत्येक भागाचा शिल्लक आहे आणि तो राखला आहे घरी बसून मालिका पाहणाऱ्या सामान्य प्रेक्षकांनी.

मालिकेची कल्पना साधी आहे. डॉक्टर नावाचा एक परग्रहवासी टार्डिस नावाच्या यानातून काळात आणि अवकाशात कुठेही जातो, आणि हे यान बाहेरून लंडनच्या रस्त्यावरच्या निळ्या पोलीस बॉक्ससारखे, म्हणजे पोलिसांना फोन करण्याच्या खोक्यासारखे, दिसत असले तरी आतून अफाट मोठे असते. सुरुवातीला त्याच्याबरोबर एक विज्ञानाचा शिक्षक आणि एक इतिहासाची शिक्षिका होती, कारण मुलांना दोन्ही विषयांची गोडी लागावी, असा बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांचा हेतू होता. निर्मितीची जबाबदारी व्हेरिटी लॅम्बर्ट या तरुण निर्मातीकडे सोपवली गेली, आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शन लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी केले, ते तेव्हा पंचविशीच्या उंबरठ्यावर होते. त्या काळच्या बीबीसीत एक बाई आणि एक भारतीय वंशाचा मुलगा मिळून एवढी मोठी गोष्ट उभी करतात, याचे मला आजही अप्रूप वाटते.

भाग हरवले त्यामागे कुणाचा आकस नव्हता. चित्रफिती महाग होत्या, कलाकारांच्या संघटनेबरोबरच्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या, घरी चित्रफीत लावून पाहण्याची सोय अजून आलेली नव्हती, आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावर कृष्णधवल कार्यक्रम पुन्हा कोण पाहणार, असा हिशेब होता. तेव्हा फिती पुसून त्यांवर दुसरे कार्यक्रम घेतले गेले, आणि परदेशी विक्रीसाठी काढलेल्या १६ मिलिमीटरच्या फिल्म-प्रतीही कालांतराने निकालात निघाल्या. हा प्रकार १९७८च्या सुमारास थांबला. पुढे काही प्रती जगाच्या कानाकोपऱ्यांतून परत आल्या. एक संपूर्ण कथा हाँगकाँगमध्ये मिळाली, आणि नायजेरियातल्या जोस शहरातल्या एका दूरचित्रवाणी केंद्रातून नऊ हरवलेले भाग सापडल्याचे २०१३ साली जाहीर झाले.

हे भाग पहिल्यांदा प्रसारित होत होते, तेव्हा ब्रिटनमधली काही शाळकरी मुले दर शनिवारी संध्याकाळी टेपरेकॉर्डर लावून बसत असत. कुणी टीव्हीच्या स्पीकरसमोर मायक्रोफोन धरून ठेवी, तर एखादा हुशार मुलगा संचाच्या आतून थेट तार जोडून घेई, म्हणजे घरातल्यांचे बोलणे आणि भांड्यांचे आवाज त्यात येऊ नयेत. आपण काही ऐतिहासिक काम करतो आहोत, असे त्यांच्या मनातही नसणार. आवडती गोष्ट आठवडाभर पुन्हा ऐकता यावी, एवढीच त्यांची इच्छा होती. पण संस्थेने जे गमावले, ते या मुलांच्या कपाटांत राहिले. चाहतेपणाचे याहून मोठे काम मला तरी ठाऊक नाही.

वारिस हुसेन यांनीच मुख्यत्वे दिग्दर्शित केलेली ‘मार्को पोलो’ ही सात भागांची कथा फेब्रुवारी ते एप्रिल १९६४ मध्ये दाखवली गेली, आणि तिचा एकही भाग आज पाहायला मिळत नाही. मी ती कान देऊन ऐकते, आणि वर्षातून एकदा तरी ऐकतेच. गोबीच्या वाळवंटातल्या वादळाचा प्रसंग येतो तेव्हा वाळू माणसांसारखी ओरडू लागते, आणि समोर चित्र नसल्यामुळे तो आवाज कुठून येतो आहे हे आपल्यालाही त्या पात्रांइतकेच कळत नाही. पुढे पाणी संपून काफिला तहानेने व्याकूळ झालेला असताना टार्डिसच्या भिंतींवर रात्रीच्या थंडीने बाष्प निवून पाणी जमा होते, आणि मार्को पोलोला मात्र वाटते की डॉक्टर आणि त्याच्या सोबत्यांनी पाणी लपवून ठेवले होते. विज्ञानाचा धडा संशयाच्या प्रसंगात इतका बेमालूम मिसळलेला मी क्वचितच पाहिला आहे. शेवटाकडे डॉक्टर आणि कुब्लाई खान बॅकगॅमनचा पट मांडून बसतात, डॉक्टर हत्ती आणि घोडे जिंकत सुटतो, आणि मग आपले यान परत मिळवण्यासाठी सगळे पणाला लावून हरतो. पहिला डॉक्टर साकारणाऱ्या विल्यम हार्टनेल यांच्या आवाजातला तो आधीचा तोरा आणि नंतरची पडती बाजू ऐकावी अशी आहे.

आवाजाचे महत्त्व या मालिकेत पहिल्यापासून होते. रॉन ग्रेनर यांनी लिहिलेली शीर्षकधून बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिपरिणाम तयार करणाऱ्या विभागात डेलिया डर्बीशायर यांनी घडवली. छेडलेल्या तारेचा आणि विद्युत् दोलकांचा आवाज टेपवर घ्यायचा, टेपचा वेग बदलून हवा तो सूर मिळवायचा, सुराच्या लांबीइतका टेपचा तुकडा पात्याने कापायचा आणि मग असे तुकडे एकापुढे एक चिकटवत जायचे, अशा रीतीने ती धून तयार झाली. यान निघतानाची ती प्रसिद्ध घरघर ब्रायन हॉजसन यांनी जुन्या पियानोच्या जाड तारांवर किल्ली घासून मिळवली. डर्बीशायर यांचे नाव मालिकेच्या श्रेयनामावलीत २०१३ साली आले, तेव्हा त्यांना जाऊन बारा वर्षे झाली होती, आणि ही दिरंगाई मला फार अन्यायाची वाटते.

१९६६ मध्ये हार्टनेल यांची प्रकृती खालावली, तेव्हा डॉक्टरचा कायापालट होऊन तो नव्या रूपात उभा राहतो, अशी युक्ती काढली गेली, आणि तिच्याच बळावर मालिका साठ वर्षे टिकली. गंमत म्हणावी की दुर्दैव, तो पूर्ण भाग हरवला आहे. कायापालटाचा क्षण तेवढा ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात वापरला गेल्यामुळे वाचला. नवे डॉक्टर पॅट्रिक ट्राउटन यांची त्यानंतरची पहिली कथा, ‘द पॉवर ऑफ द डेलेक्स’, तिचेही सहाच्या सहा भाग गेले. तिचा घरगुती ध्वनिमुद्रणातून वाचलेला आवाज घेऊन बीबीसीने २०१६ साली, मूळ प्रसारणाला पन्नास वर्षे होत असताना, तिची अॅनिमेशन-आवृत्ती काढली.

१९८९ साली मालिका बंद झाली तेव्हाही तिला जगवले ते अशाच माणसांनी. कादंबऱ्या निघत राहिल्या, १९९९ पासून ध्वनिनाट्ये निघू लागली, आणि २००५ मध्ये तिला परत आणणारे रसेल टी. डेव्हिस स्वतः लहानपणापासूनचे चाहते होते. पुढे डॉक्टर झालेल्या पीटर कपाल्डी यांचे पत्र तर शाळकरी वयातच ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकात छापून आले होते.

२०१८ साली विनय पटेल यांनी लिहिलेला ‘डेमन्स ऑफ द पंजाब’ हा भाग आला. त्यात, आता स्त्रीच्या रूपात असलेली डॉक्टर १९४७च्या फाळणीच्या सीमेवर एका हिंदू-मुस्लिम लग्नाला हजर राहते, आणि जे घडायचे ते तिला थांबवता येत नाही. त्या भागाच्या शेवटी नेहमीची शीर्षकधून हिंदुस्थानी वळणाच्या गायनात येते, आणि डर्बीशायर यांनी तुकडे जोडून केलेली तीच चाल मानवी गळ्यातून ऐकताना मी उठून उभी राहिले होते. नव्याने मालिका पाहू इच्छिणाऱ्याला मी हाच भाग आधी दाखवते, मग १९६३चा पहिला भाग, आणि त्याला तो आवडला तर ‘मार्को पोलो’ ऐकायला देते, तेही हेडफोन लावून आणि सात भागांसाठी सात वेगवेगळ्या संध्याकाळी.