६२४ फोटो आणि एक घोंगडी

आमच्या पतसंस्थेत दोन कॉम्प्युटर होते. एकावर पत्रव्यवहार चालायचा आणि दुसऱ्यावर खतावणी. खतावणीवालं यंत्र डॉसवरचं, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, नुसत्या अक्षरांच्या प्रणालीवरचं. काळा पडदा, करडी अक्षरं, पाठीमागे हे एवढं मोठं कुबड असलेला काचेचा मॉनिटर. मी नोकरीला लागले त्याच्या आधीपासून ते तिथे होतं. गेल्या वर्षी नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. कंपनीच्या पोराने हार्ड डिस्क खोलून डेटा उचलून नेला. मला वाटलं, सुटले.

पण लेखापरीक्षक साहेब म्हणाले, जुनं यंत्र बंद करण्याआधी प्रत्येक सभासदाचा जुना पडदा जसाच्या तसा पुराव्याला हवा. सभासद ३१२. प्रत्येकाचे दोन पडदे, एक भाग-ठेवींचा आणि एक कर्जाचा. म्हणजे ६२४. डॉसमध्ये प्रिंट स्क्रीनचं बटण दाबलं की पडदा थेट प्रिंटरवर छापून यायचा, पण आमच्या डॉट मॅट्रिक्सचं हेड केव्हाच गेलेलं. "मोबाईलवर फोटो काढा की मॅडम, त्यात काय," असं म्हणून साहेब चहा पिऊन गेले.

त्यात काय, ते मला त्याच दिवशी कळलं.

पहिले दहा फोटो खुर्चीत बसून, हातात फोन धरून काढले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. प्रत्येकात आडवा काळा पट्टा, कुठे वर, कुठे मधोमध. वर टेबलावरची ट्यूबलाइट पडद्यात उमटलेली आणि तिच्याखाली माझा स्वतःचा चेहरा, फोनसकट. साहेबांचा उलट प्रश्न आला, "खाते क्र. ७ ची थकबाकी तीन हजार की आठ हजार?" इंग्रजी आकडे फुगून असे फिसकटले होते की तीन, सहा आणि आठ यांत काही फरक राहिला नव्हता. पतसंस्थेत हा फरक बराच महत्त्वाचा असतो.

चौकात लग्नाचे फोटो काढणारा एक दादा आहे, त्याच्याकडे गेले. त्याने फोटो बघितला आणि हसला. "ताई, तुम्हाला वाटतं पडदा सगळा पेटलेला आहे. तसं नसतं. आत एक किरण असतो, तो वरून खाली एकेक ओळ रंगवत जातो. तळाला पोचेपर्यंत वरची ओळ विझलेली असते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर घाईत मिटलं की अर्धीच रंगवणी सापडते, उरलेला तो काळा पट्टा. शटर हळू करा. सेकंदाचा साठावा भाग ठेवा." फोनच्या कॅमेऱ्यात 'प्रो' नावाचा भाग असतो, हेही त्यानेच दाखवलं. मी तीन वर्षं तो फोन वापरत होते.

१/६० वर काळा पट्टा गेला. त्याच्या जागी उजळ पट्टा आला, पडद्याच्या साधारण सहाव्या हिश्शाइतका रुंद. हे काय नवीन? दादाला पुन्हा फोन करायची लाज वाटली, म्हणून मॉनिटरची बटणं चाचपत बसले. त्याच्या मेनूत एका कोपऱ्यात लिहिलेलं सापडलं: ७२० × ४००, ७० हर्ट्झ. विंडोज बऱ्याचदा साठवर चालतं, पण डॉसचा अक्षरांचा पडदा सेकंदाला सत्तर वेळा रंगवला जातो. मग हिशेब सोपा होता. साठाव्या भागात एक पूर्ण फेरी होते आणि पुढच्या फेरीचा सहावा हिस्साही. तेवढी जागा दोनदा रंगते, म्हणून उजळ. आता सत्तरला पूर्ण भाग जाईल असा आकडा हवा. दहा! सेकंदाच्या दहाव्या भागात बरोब्बर सात फेऱ्या. शटर १/१० केलं आणि पट्टा नाहीसा झाला. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची जमा-नावे बेरीज, पहिल्या फटक्यात जुळली की जसं वाटतं, तसं वाटलं.

१/८ वरही काम भागतं, हे नंतर बघितलं. तिथे काही जागा नऊदा रंगते, काही आठदा. एवढा फरक डोळ्याला सहज जाणवत नाही. शटर जितकं हळू तितका हा हिशेब सैल सोडता येतो.

पण शटर हळू म्हणजे हात हलला की फोटो गेला. ट्रायपॉड आमच्याकडे कुठला? समोर स्टूल ठेवलं, स्टुलावर पाट, पाटावर जुन्या रोजकीर्दीच्या चार जाड वह्या, आणि वरच्या दोन वह्यांच्या फटीत फोन आडवा खोचून रबरबँड. वह्या कमीजास्त करून फोनची काच पडद्याच्या बरोबर मध्यावर आणली. हे अंदाजाने करू नका. फोन थोडा जरी वर राहिला तर पडद्याची चौकट खाली निमुळती होते. आणि फोन अगदी पडद्याला खेटूनही ठेवायचा नाही. या जुन्या मॉनिटरची काच मुळात फुगीर, त्यात फोनची रुंद लेन्स कडा आणखी फुगवते. मी स्टूल चार फूट मागे घेतलं आणि कॅमेरा दोनपट लेन्सवर केला. ओळी बऱ्यापैकी सरळ आल्या.

बोट लावलं तरी फोन हलतो. दोन सेकंदांचा टायमर लावून बघितला, पण ६२४ गुणिले दोन सेकंद, वर त्याची ती टिकटिक! मग भाचीने सांगितलं, वायरचा इअरफोन जोड आणि त्याच्यावरचं आवाजाचं बटण दाब. माझ्या फोनवर चाललं. एका हातात इअरफोनची वायर, दुसरा हात कीबोर्डवर. बटण, पुढचं खातं, बटण.

आता उरलं प्रतिबिंब. ट्यूब बंद केली, खिडकी बंद केली, तरी दाराच्या फटीतला उजेड काचेत दिसायचाच. आमचे शिपाई मामा म्हणाले, "मॅडम, घोंगडी चालंल का?" दुसऱ्या दिवशी गावाकडून त्यांची काळी घोंगडी आली. ती दोन खुर्च्यांच्या पाठींवर फोनच्या मागे ताणून बांधली. काचेत आता फक्त काळोख उमटत होता. त्या संध्याकाळी मी पांढरा पंजाबी ड्रेस घातलेला, तर बाजूला उभी राहिले की काचेच्या कडेला माझी बाही दिसायची. तिसऱ्या दिवशी मुद्दाम गडद साडी नेसून गेले. फ्लॅशचं तर बोलूच नका, तो पडद्यावर फक्त पांढरा डाग पाडतो.

फुगलेल्या आकड्यांचं कारण वेगळं निघालं. पडदा जवळजवळ सगळा काळा, त्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं इथे अंधार आहे, आणि तो उजेड वाढवून देतो. मग अक्षरं उतू जातात. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो तो आकडा, सगळ्यात खाली, १०० वर ठेवला, आणि मॉनिटरचा ब्राइटनेस काळं खरोखर काळं दिसेल इतका उतरवला. आठाची दोन्ही पोटं मोकळी दिसायला लागली, हीच माझी परीक्षा होती. पांढऱ्या पडद्याचा फोटो काढाल तेव्हा याच्या उलट करावं लागतं. कॅमेरा पांढऱ्याला घाबरून सगळं राखाडी करतो, तेव्हा उजेड थोडा चढवायचा.

सुरुवात करण्याआधी काच पुसली. हात जवळ नेला तर मनगटावरची लव उभी राहिली आणि बारीक तडतड झाली. या मॉनिटरच्या काचेवर वीज साठते, म्हणून धूळ अशी ओढून घेते. नुसत्या डोळ्याला न दिसणारी ती धूळ फोटोत पूर्णविरामासारखी दिसते, आणि रकमेत पूर्णविराम म्हणजे पैसे. यंत्र बंद करून, कोरड्या मऊ फडक्याने पुसली. मग चालू करून अर्धा तास तसंच तापू दिलं.

तीन संध्याकाळी लागल्या. दुसऱ्या दिवशी मध्येच फोन बंद पडून पुन्हा चालू झाला आणि शटर गुपचूप ऑटोवर गेलं. ३८ फोटो पट्ट्यासकट निघाले. वीस-वीस फोटोंनंतर एखादा मोठा करून बघायचा, असा नेम केला असता तर वाचले असते. नंतर केला. आणि साहेबांना या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता सगळे पेनड्राइव्हवर दिले. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो, आणि पुन्हा तीनाचे आठ.

एवढं शिकल्यावर मला वाटलं, आता पडद्याचे फोटो माझ्या हातचा मळ. महिन्याभराने नवीन, सपाट पडद्याचा कॉम्प्युटर सकाळी सुरूच होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ. विंडोज सुरूच झालं नव्हतं तर स्क्रीनशॉट कसला घेणार? फोन काढला, ऐटीत शटर १/१० केलं, आणि फोटोत धूपछाव साडीसारख्या जांभळ्या-हिरव्या लाटा! इथे पट्ट्याचा प्रश्नच नव्हता. सपाट पडद्यावर बारीक ठिपक्यांची जाळी असते, कॅमेऱ्याच्या आतही तशीच जाळी असते, आणि एका जाळीवर दुसरी जाळी धरली की लाटा दिसतात. दोन मच्छरदाण्या एकमेकींवर धरून बघा. उपाय साधे आहेत. फोन वीतभर पुढे-मागे करायचा, किंवा जरासा तिरका धरायचा, किंवा फोकस केसभर ढळू द्यायचा. मात्र फार तिरकं नको, स्वस्त पडद्यांचे रंग बाजूने उलटेपालटे दिसतात. मी दीड फूट मागे सरकले, लाटा गेल्या, ओळ स्वच्छ आली.

कंपनीच्या त्या पोराला फोटो पाठवला. या वेळी डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे दाबला जाणार नाही. दोन मिनिटांत त्याचा फोन आला.

"मॅडम, फोटो एकदम क्लिअर आहे. आता तेवढा मागचा पेनड्राइव्ह काढा आणि पुन्हा चालू करा."