काउंटरवरच्या ताईंचा पहिला स्क्रीन

गेल्या महिन्यात नाशिकच्या एका दवाखान्यात सलग ३ दिवस काउंटरच्या आत स्टूल टाकून बसले. त्यांच्या सॉफ्टवेअरचं होमपेज नव्याने करायचं होतं. जुनं उघडलं की आधी महिन्याच्या कमाईचा भलामोठा आलेख यायचा. डॉक्टरांना तो लागत असेल, पण ताईंना त्याचा काडीचा उपयोग नव्हता. शिवाय समोर उभ्या पेशंटला तो का दिसावा?

ताईंचं खरं होमपेज कीबोर्डशेजारी होतं. २०० पानी वही. नंबर, नाव आणि नावापुढे खुणा. टिक म्हणजे आला, गोल म्हणजे आत गेला, ‘बा’ म्हणजे पैसे बाकी. खांद्याशी फोन धरून पावती फाडता फाडता त्या वहीकडे नुसती नजर टाकायच्या. “मॅडम, आत कोण आहे आणि पुढचा कोण, एवढं दिसू दे मला,” त्या म्हणाल्या.

मी तीच वही स्क्रीनवर आणली. वर एकच शोधपट्टी: मोबाईल, नाव किंवा १४ अंकी आभा क्रमांक (सरकारी आरोग्य-ओळख नंबर), काहीही टाका. एका मोबाईलवर अख्खं घर नोंदलेलं असतं, म्हणून नावाशेजारी वय हवंच. खाली आजची रांग. बाकी रक्कम त्याच ओळीत, कारण पेशंट दाराबाहेर पडला की पैसे मागणं फार जड जातं. रिपोर्ट, सेटिंग सगळं मागे ढकललं.

सोमवारच्या गर्दीत ताईंनी वही उघडून ठेवली होती. दुपारनंतर ती ड्रॉवरमध्ये गेली.