लो कारचा रॅम्प: पहिली पायरी अखेर जागेवर बसली

मंडळी, खाली आणलेली (लो) गाडी पुढून उंच करून तिच्याखाली काम करता यावं म्हणून प्लायचा जो रॅम्प बनवतोय, तो टायर टेकताच पुढे सरकायचा थांबला, आणि तोही ओल्या लादीवर. स्टिल्ट पार्किंगची (इमारतीखालच्या खांबांमधल्या जागेची) गुळगुळीत लादी, पावसातून भिजून आलेले टायर, आणि तरी गाडी पाचही थर चढून स्टॉपरला टेकली तेव्हा दोन्ही रॅम्प खडूच्या खुणेवरच होते. मागच्या अपडेटमध्ये सगळं काम इथेच अडलं होतं, म्हणून आज आधी त्याबद्दलच.

गाडीची मापं तीच: ४० मिमी खाली आणलेली फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना) सेडान, १७५/६५ आर१५ टायर, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २६०० मिमी, बंपरचा ओठ, म्हणजे खालची कड, जमिनीपासून ११५ मिमी. ओव्हरहँग, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून बंपरच्या टोकापर्यंतचं अंतर, नंबर प्लेटपाशी मोजू नका. रॅम्प चाकाच्या रेषेत येतो आणि तिथे बंपर मागे वळलेला असतो. प्लेटपाशी ८५० भरतं, चाकासमोर ७२०. हा १३० मिमीचा फरक मोठा आहे. बाजारातल्या १७ अंशांच्या पत्र्याच्या रॅम्पवर मात्र तोही कामाला येत नाही, टायर लागायच्या आत ओठ घासतो. म्हणूनच तर प्लायच्या थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा रॅम्प ठरला होता: १८ मिमीचा एक थर, २०० मिमीची एक पायरी. सरासरी चढ जेमतेम ५ अंशांचा.

मग ५ अंशांचा चढ सरकतो कसा? कारण टायरला सरासरी कळत नाही, त्याला फक्त समोरची कड कळते. टायरची त्रिज्या ३०४ मिमी. १८ मिमी उंच कडेला तो टेकतो ती जागा खालच्या बिंदूपासून जवळपास २० अंश पुढे असते. म्हणजे त्या क्षणी रॅम्पला मिळणारा धक्का २० अंशांच्या चढासारखाच असतो. याचा टॅन ०.३६. लादी आणि प्लाय यांच्यातला घर्षणांक त्याच्या खाली गेला की रॅम्प पुढे सरकणारच, आणि पाणी व तेलाची पुसट साय असलेल्या लादीवर तो खाली जातोच. शिवाय त्या वेळी गाडीचं वजन रॅम्पवर आलेलंच नसतं. चाक अजून लादीवर उभं असतं, लादीवर जोर लावून रिकाम्या रॅम्पला पुढे ढकलत असतं. दोन थर एकदम ठेवून ३६ मिमीची पायरी केली तर हाच कोन २८ अंशांपर्यंत जातो. त्यामुळे 'थर कमी, जाडी जास्त' हा सल्ला लो कारसाठी बाद.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही लागतात. पहिला, सर्वांत खालच्या थराची कड रंध्याने उतरती करायची: १८ मिमीवरून ३ मिमीवर, साधारण ८५ मिमी लांबीत. हा चढ १० अंशांचा होतो. धार ३ मिमीपेक्षा पातळ करू नका, प्लायचा वरचा पापुद्रा टायरखाली उचकटतो. दुसरा आणि खरा उपाय म्हणजे शेपूट. ६ मिमी जाडीचा कापडी पदरांचा कन्व्हेअर बेल्ट रॅम्पच्या पूर्ण तळाला लावायचा आणि मागे, गाडीच्या बाजूला, ४५० मिमी मोकळा सोडायचा. टायर धारेला टेकतो तेव्हा तो आधीच या शेपटावर उभा असतो. त्या चाकाचं ३३० किलोंच्या आसपासचं वजन रॅम्पला मागून धरून ठेवतं. शेपूट २०० मिमीपेक्षा आखूड असेल तर टायरचा ठसा पुरता त्यावर येत नाही आणि सगळा खटाटोप वाया जातो.

बेल्ट फक्त मागच्या कडेला न लावता पूर्ण तळाला लावायचं कारण वेगळं आहे. चाक वर चढल्यावर कोणी ॲक्सिलरेटर दाबलाच, तर फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये रॅम्प उलट, मागे खेचला जातो. तेव्हा तळभर रबर हवं. पहिला गिअर, अर्धा क्लच, एकसारखा जोर. पायरीपाशी थांबून पुन्हा जोर द्यायचा नाही.

बेल्ट चिकटवायला फेविकॉल एसआर ९९८ (रबरी गोंद), आणि मागच्या धारेजवळ १६ मिमीच्या स्क्रूंची एक ओळ, रुंद वॉशर घालून. वॉशर रबरात रुतून लादीला लागणार नाही इतका आवळायचा. नवा बेल्ट घेण्यात अर्थ नाही. मुंबईत दारूखान्याच्या भंगारबाजारात तुकडे मिळतात, फक्त वाकवून बघा: कापडाचे पदर सुटत असतील तर तो तुकडा ओढ सहन करणार नाही.

आता कापणी. २४४० बाय १२२० ची एक शीट, पात्याचे ३ मिमी धरून ३०० मिमी रुंदीच्या चार पट्ट्या निघतात. मूळ बेत चार थरांचा, ७२ मिमीचा होता. त्यात तीन पट्ट्या संपतात आणि चौथी अख्खी उरते. तिच्यातून १२०० चे दोन तुकडे बरोब्बर निघतात हे मांडणी करताना दिसलं आणि पाचवा थर आला. पहिल्या पट्टीत १२००, १२००. दुसरीत १०००, १०००, ४००. तिसरीत ८००, ८००, ६००. चौथीत ६००, ४००, आणि उरलेल्या तुकड्यातून स्टॉपर. बेल्ट धरून उंची ९६ मिमी. चढताना टायर कडेला टेकतो तेव्हा बंपरखाली चार थर असतात, म्हणजे ७२ मिमी, आणि ओठ ४३ मिमी मोकळा राहतो.

स्टॉपर तीन तुकड्यांचा, ५४ मिमी उंच, ६० मिमी रुंद. टायर त्याला टेकला की चाकाचा मध्य १७३ मिमी मागे राहतो. वरच्या थराच्या ४०० मधून स्टॉपरचे ६० गेल्यावर उरणाऱ्या ३४० च्या सपाट जागेत तो अगदी मधोमध बसतो, याचं फार समाधान वाटलं.

प्लाय आयएस ७१० शिक्क्याचाच (मरिन प्लाय) घ्या. आयएस ३०३ चा एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) प्लाय मुंबईच्या एका पावसाळ्यात कडांनी फुगतो. शटरिंग प्लाय (स्लॅब ओतताना वापरतात तो) स्वस्त पडतो, पण त्याचा काळा फिल्मचा पृष्ठभाग ओल्या टायरखाली बुळबुळीत होतो. थर फेविकॉल मरिनने चिकटवून ३२ मिमीचे स्क्रू, प्रत्येक थराचे स्क्रू खालच्या थराच्या स्क्रूंपासून हटवून. कापलेल्या कडांना ऑइल पेंटचे दोन हात हवेतच, पाणी तिथूनच शिरतं. वरच्या बाजूला दुसरा हात ओला असताना बारीक चाळलेली रेती भुरभुरवा. पेव्हर ब्लॉक किंवा विटा रचून गाडी चढवण्याचा विचारही करू नका, ते इशारा न देता फुटतात.

जॅकबद्दल थोडक्यात. ९६ मिमी चढल्यावर ओठ २३५ च्या वर येतो, त्यामुळे १३५ मिमी किमान उंचीचा साधा ट्रॉली जॅक आरामात आत जातो. महागडा लो प्रोफाइल जॅक घ्यायची गरजच उरत नाही. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारबाजारात जाल तेव्हा मोजपट्टी न्या आणि वाटीची, म्हणजे जॅकच्या गाडीला टेकणाऱ्या भागाची, किमान उंची दुकानातच मोजा, डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. उचलताना जॅकची वाटी कमानीत फिरते, म्हणून जॅक थोडा पुढेमागे घरंगळायला हवा. चौकड्यांच्या लादीत त्याची चाकं सांध्यात अडकतात आणि वाटी क्रॉसमेंबरवरून (गाडीखालच्या आडव्या तुळईवरून) घसरते. खाली १२ मिमी प्लायचा तुकडा टाकला की प्रश्न मिटतो. हँडब्रेक, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, आणि जॅक स्टँड लावल्याशिवाय खाली शिरायचं नाही.

पुढचं काम वजनाचं. बेल्टसकट एकेक रॅम्प सतरा-अठरा किलोंचा झालाय आणि लांबीमुळे डिकीत आडवा बसत नाही. म्हणून खालचे दोन थर बेल्टसह एक ठोकळा, वरचे तीन थर दुसरा, असे दोन भाग करायचं चाललंय. पण मग तिसऱ्या कडेला तोच जुना प्रश्न: टायर टेकतो तेव्हा वरच्या ठोकळ्यावर वजन नसतं, म्हणजे तो खालच्यावरून सरकणार. त्यासाठी खालच्या ठोकळ्यात १२ मिमी सळईच्या दोन खुंट्या, २५ मिमी आत आणि २० मिमी वर, आणि वरच्यात १३ मिमीची भोकं. भोकांच्या आतही पेंट जायला हवा, नाहीतर ओलीने प्लाय फुगून खुंट्या अडकतील. भोकांत पितळी नळीचा तुकडा बसवावा का, हेही डोक्यात आहे. कोणी प्लायमध्ये अशी नळी बसवली असेल तर ती कशाने पक्की केली ते सांगा.