खाडा पडंल, सिस्टर

ऊसतोडीच्या वस्तीवर लस द्यायची तर संध्याकाळच गाठावी लागते. पहाटेच सगळे कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, फडात जातात, मागे कोप्यांत, त्यांच्या झोपड्यांत, म्हातारी माणसं आणि पोरंसोरं. म्हणून डिसेंबरातल्या त्या दिवशी आशाताई आणि मी कॅरियर घेऊन दिवेलागणीला पोहोचलो.

मुलगी अकरा महिन्यांची. कार्ड बीडकडं, गावी राहिलेलं. डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण होता, पण गोवर-रुबेलाचं आईला सांगता येईना. नोंद नसेल तर डोस झालाच नाही असं धरायचं. जास्तीचा गेला तरी अपाय नसतो. मी सिरिंज काढली तशी आई मागं सरली.

"मागल्या सुईनं रातभर तापली व्हती. आता तापली तर उद्या खाडा पडंल, सिस्टर."

सुईचं भय नव्हतंच तिला. बाई घरी बसली की नवऱ्यासकट अख्खा कोयता बसतो. मजुरी बुडते, वर खाड्याचे पैसे उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेत, चढतात. अशांना अडाणी म्हणणाऱ्यांनी एक हंगाम कोपीत काढावा. तिचा हिशेब चोख होता, फक्त मागली लस वेगळी होती. पेंटाचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा, ताप बहुधा त्याच रात्री येतो. गोवराच्या लसीतला विषाणू जिवंत पण दुबळा, त्याला अंगात वाढायला वेळ लागतो. ताप आलाच तर आठवड्याभरानं, तोही एक-दोन दिवस.

तेवढ्यात मुकादम म्हणाला, "आमच्या पोराला डॉक्टरनं गालगुंडाचीबी दिली. तुमच्यात का न्हाई?"

सरकारी लसीत गालगुंड नाही, खरंच आहे. खासगीत एमएमआर मिळते. पण वाद तिकडं जाऊ दिला नाही. म्हटलं, "मुकादम, गोवर हवेतनं पसरतो आणि कोप्या अशा खेटून. एका पोराला निघाला तर किती कोयते बसतील?"

त्यानं मान खाजवली. मग मोठ्यानं म्हणाला, "लशीनं पोर तापलं तर खाडा धरणार न्हाई." लिहून थोडंच देणार होता! पण चारचौघांत बोलला, बायांना तेवढं पुरलं. 

द्रावण मिसळलं की कुपी चार तासांत संपवायची, नाहीतर टाकायची. त्या रात्री टाकायला फारसं उरलं नाही. मुलीला उजव्या दंडात अर्धा मिली आणि तोंडानं अ जीवनसत्त्व दिलं. नवं कार्ड करून दुसऱ्या डोसाचा महिना लिहिला: मे. तेव्हा टोळी गावी परतलेली असणार, म्हणून आशाताईनं गावाकडच्या आशाला वस्तीवरूनच फोन लावला.