आमची वाटचाल : थंडी पडण्याआधीची चार बोटं वॅक्स

2015 च्या कुंभमेळ्याच्या वर्षी आम्ही नाशिकमध्ये गाड्या धुवायला सुरुवात केली. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गॅरेजमागे रिकामी पडलेली पत्र्याची शेड होती. एक टाकी, एक प्रेशर पंप, मी आणि माझा मावसभाऊ, एवढंच भांडवल. आप्पांनी आयुष्यभर डेंटिंग-पेंटिंग केलं. रंगाचा हात मारलेल्या दरवाजावर ते डोळे मिटून तळवा फिरवायचे आणि कुठे उंचवटा राहिलाय ते सांगायचे. पुढे आमच्या धंद्याला जे वळण लागलं, ते त्या तळव्यामुळेच.

पहिलं वर्ष नुसत्या वॉशिंगमध्ये गेलं. वॅक्सकडे, म्हणजे धुतलेल्या गाडीच्या रंगावर मेणाचा पातळ थर चढवण्याकडे, वळलो ते दुसऱ्या वर्षी, आणि पहिल्याच मोठ्या कामात फटका बसला. ऑक्टोबर हीटचे दिवस, दुपारचा एक वाजलेला, गाडी काळी. शेडमध्ये दुसरी गाडी होती म्हणून ही उन्हातच घेतली आणि पूर्ण गाडीला एकदम वॅक्स लावून टाकलं. पुसायला गेलो तर फडकं सरकेना. तापलेल्या बॉनेटवर वॅक्सचा चिवट थर धरला होता, पांढरे पट्टे जाईनात. आप्पांनी सांगितलं तसं पुन्हा वॅक्सचाच हलका हात देऊन जुना थर मऊ करत, एकेक पत्रा मोकळा केला. रात्रीचे साडेदहा वाजले. गिऱ्हाईक काका तोवर खुर्ची टाकून बसून होते. त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत. ते आजही दरवर्षी येतात, ही त्यांची माया.

त्या दिवसापासून नियम केला. वॅक्स लावण्याआधी बॉनेटला हाताची पालथी बाजू लावायची. पत्रा गार लागला तरच डबा उघडायचा.

आम्ही कार्नौबा वॅक्स वापरतो. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवर हे मेण येतं. नैसर्गिक मेणांत ते फार कडक, वितळायला 80 अंशांच्या वर जावं लागतं. मधमाश्यांचं मेण त्याच्या बरंच आधी, 62-64 अंशांना पातळ होतं. डब्यातल्या वॅक्समध्ये ते पसरावं म्हणून तेलं आणि द्रावक घातलेले असतात. तापलेल्या पत्र्यावर द्रावक झटकन उडून जातो आणि मेण आहे तिथेच घट्ट बसतं. गार पत्र्यावर तो सावकाश उडतो, हात फिरवायला वेळ मिळतो आणि थर सारखा बसतो. थंडी सुरू होण्याआधीचे दिवस या कामाला सोन्यासारखे, ते यासाठी. दिवाळी झाली की सकाळी साडेआठ ते साडेअकरा ही आमची वेळ. त्याआधी पत्र्यावर दव असतं. ऐन थंडीत मात्र उलटी अडचण होते. निफाडकडे पारा पाच अंशांच्या खाली गेला की डब्यातलं वॅक्स दगडासारखं होतं आणि लावलेलं लवकर सुकत नाही. तेव्हा डबा कोमट पाण्यात ठेवावा लागतो आणि ऊन वर येईपर्यंत थांबावं लागतं.

थंडीआधीच वॅक्स का, असं पुष्कळजण विचारतात. पावसाळा संपला की गाडीवर डांबराचे ठिपके आणि बोअरच्या पाण्याचे क्षाराचे डाग राहिलेले असतात. मग रोज रात्री दव पडायला लागतं. दवात धूळ बसते आणि सकाळी ऑफिसची घाई असलेला माणूस तीच धूळ कोरड्या फडक्याने पुसतो. उन्हात धरल्यावर काळ्या गाडीवर जे कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं, ते बहुतेक या पुसण्यातून आलेलं असतं. वॅक्स असलं की पाणी थेंब होऊन घरंगळतं, धूळ चिकटून बसत नाही. तरीही कोरडं पुसू नका, आधी पाणी मारा, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो.

आमच्या भागातल्या दोन गोष्टी तर कुठल्याच डब्यावर लिहिलेल्या नसतात. पहिली द्राक्षबागांची. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू होतात. दिंडोरी-पिंपळगावकडच्या शेतकऱ्यांच्या गाड्या बागेच्या कडेला उभ्या असतात आणि बोर्डोचा निळसर पांढरा शिडकावा बॉनेटवर वाळतो. मोरचूद आणि चुना दोन्ही त्यात, नखाने खरवडला तर रंगावर ओरखडा हमखास. आम्ही ओलं फडकं ठेवून तो आधी भिजवतो, मग पाणी घातलेल्या व्हिनेगरने सोडवतो आणि लगेच धुतो. दुसरी गोष्ट दसऱ्याची. गाडीची पूजा होते, बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं जातं आणि पांढऱ्या गाडीवर गुलाबी छाप राहतो. पूजा तर व्हायलाच हवी, आमच्या शेडमध्ये पंपाचीसुद्धा होते. दसऱ्याच्या आठवडाभर आधी पहाटे वॅक्सचा एक हात दिला तर तो रंग सहज निघतो. स्वस्तिक काचेवर काढलं तर सगळ्यात उत्तम.

खरी मेहनत वॅक्सच्या आधीची. दोन बादल्या घ्यायच्या, एक शाम्पूची, एक मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) खळबळायची. धुऊन झालं की हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून पत्र्यावर फिरवायची. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. तिथे क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवायची. ही खरखर गेल्याशिवाय वॅक्स लावणं म्हणजे न निवडलेले तांदूळ शिजवणं.

वॅक्स लावण्यात आमच्याकडच्या ताईंचा हात कोणालाच येत नाही. त्या आधी भांडी बाजारातल्या एका दुकानात पितळेला पॉलिश करायच्या. चार बोटांनी स्पंज धरतात, वॅक्स इतकं कमी घेतात की स्पंजवर दिसतही नाही. पूर्ण गाडीला जेमतेम दोन चमचे. एका वेळी अर्धं बॉनेट, मग फेंडर. धुकट झालं की करंगळीने एक रेघ ओढून बघतात. रेघ स्वच्छ निघाली तर पुसायचं, पुसट झाली तर अजून थांबायचं. काळ्या प्लास्टिकला वॅक्स लागलं तर वाळून पांढरं दिसतं, म्हणून कडेला टेप लावतात. नवीन आलेल्या मुलांनाही त्याच शिकवतात.

2020 च्या मार्चमध्ये शेड बंद झाली. ते महिने आप्पांच्या बचतीवर निघाले. पुन्हा उघडल्यावर बाजार सिरॅमिक कोटिंगकडे, म्हणजे रंगावर कडक थर चढवणाऱ्या रसायनाकडे, वळला होता. मशीन घ्या, कोटिंग सुरू करा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. कोटिंग जास्त टिकतं, हे खरंच आहे. हाताचं वॅक्स आमच्याकडच्या उन्हात दोन-तीन महिने साथ देतं. पण धूळ नसलेली बंद खोली आणि पक्कं प्रशिक्षण नसताना ते काम करणं आम्हाला पटलं नाही. ज्यांना कोटिंग हवं त्यांना आम्ही ते नीट करणाऱ्याकडे पाठवतो.

आज आम्ही पाच जण आहोत. थंडीआधीच्या महिन्यात दिवसाला दोनच गाड्या घेतो, त्यातली एक सकाळी आणि दुसरी ऊन उतरल्यावर. गेल्या वर्षी एक आजोबा त्यांची प्रीमियर पद्मिनी घेऊन आले. जुना रंग, वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाही, त्यामुळे फडक्यावर रंग उतरत होता. आजोबा घाबरले. आप्पा आता शेडमध्ये फारसे येत नाहीत, पण त्या दिवशी आले. गार पडलेल्या बॉनेटवर तळवा फिरवला आणि म्हणाले, "मेलेला थर निघतोय, खाली चांगला आहे." मग ताईंच्या हातून स्पंज घेऊन पहिला हात त्यांनीच दिला.